चाळीस ग्रॅमचा हिशेब

धडधाकट माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटीची शुगर १०० आली, याचा अर्थ दर १०० मिलिलिटर रक्तामागे १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. पाच लिटरांचा हिशेब केला की उत्तर येतं ५ ग्रॅम. चहाचा एक लहान चमचा साखर, एवढीच. हीच तपासणी १२६ वर गेली आणि पुन्हा करूनही तिथेच राहिली, की डॉक्टर मधुमेहाचं निदान करतात. १२६ म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ६.३ ग्रॅम. निरोगी माणूस आणि मधुमेही यांच्यात, सकाळी सातला लॅबमध्ये हात पुढे करताना, सव्वा ग्रॅमचं अंतर असतं.

हे गणित ढोबळ आहे, वजन-उंचीप्रमाणे थोडं मागेपुढे होईल. पण एकदा ते मनात बसलं की ताटाकडे पाहण्याची नजर बदलते. दिवसाला २,००० कॅलरी खाणारा माणूस घ्या. भारतीय माणसाच्या कॅलरींपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत दिसलं आहे. ६२ टक्के म्हणजे १,२४० कॅलरी, आणि एका ग्रॅमच्या ४ कॅलरी धरल्या तर ३१० ग्रॅम कर्बोदकं. भात, पोळी, पोहे, बटाटा, साखर, सगळं पचून शेवटी बहुतांशी ग्लुकोजच होतं आणि रक्तातूनच पुढे जातं. जिथे एका वेळी ५ ग्रॅमच असायला हवेत, त्या रस्त्यावरून रोज ३१० ग्रॅम जातात. साठाच्या वर खेपा. वर्षाला ११३ किलो. विशीपासून ऐंशीपर्यंतच्या साठ वर्षांत सुमारे पावणेसात टन.

आणि एवढी ये-जा चालू असताना पातळी मात्र जवळजवळ हलत नाही. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो, तासाला ५ ग्रॅम. मागून भर पडली नाही तर तासाभरात रक्त रिकामं होईल. ती भर यकृत घालतं. त्याच्याजवळ जेवणानंतर शंभरेक ग्रॅमचा साठा असतो, स्नायूंजवळ त्याच्या कितीतरी पट. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातून जवळपास तेवढेच ग्रॅम ग्लुकोज बाहेर पडायला निघतं आणि निरोगी माणसात जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतलं जातं. रक्तातली पातळी १८० च्या आसपास पोचली की ही ओढून घेण्याची ताकद संपते आणि साखर लघवीत उतरते.

या सगळ्यावर लगाम कोणाचा? उपाशीपोटी रक्तात असलेलं सगळं इन्सुलिन गोळा करून वजन केलं तर ते भरेल साधारण एक मायक्रोग्रॅम. ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पाच ग्रॅम साखरेला ताब्यात ठेवणारा पदार्थ तिच्या पन्नास लाखाव्या हिश्शाएवढा. जेवणानंतर तो वाढतो, पण दिवसभरात स्वादुपिंड जे काही इन्सुलिन बनवतं ते ४० युनिटच्या आसपास, म्हणजे दीड मिलिग्रॅमच्याही आत. सत्तर वर्षांच्या आयुष्याची बेरीज केली तर ३५-३६ ग्रॅम. पावणेसात टन धान्य-साखर ज्याच्या जोरावर पचनी पडते, ते इन्सुलिन अख्ख्या आयुष्याचं मिळून एका मुठीत मावतं.

ते बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांना आपण लँगरहॅन्सची बेटं म्हणतो. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. ती तिथे कशासाठी आहेत हे त्याला सांगता आलं नव्हतं. अशी बेटं दहा लाखांच्या घरात असतात. सगळी एकत्र केली तरी वजन ग्रॅम-दोन ग्रॅम. त्यातल्या बीटा पेशी अब्जाच्या आसपास, आणि एकेका पेशीत इन्सुलिनने भरलेले सुमारे दहा हजार कण, साखर वाढल्याची खबर लागताच सुटायला तयार. मोठेपणी या पेशी फारशा नव्याने तयार होत नाहीत. तरुणपणी जी शिल्लक असते, तीच आयुष्यभर पुरवायची. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि ५,१०२ रुग्णांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात दिसलं, की मधुमेहाचं निदान होतं त्या दिवशीच बीटा पेशींची काम करण्याची ताकद साधारण निम्म्यावर आलेली असते. पहिला वाईट रिपोर्ट हातात येतो तेव्हा आजार बरीच वर्षं जुना असतो.

‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी तपासणी होते, तिचाही एक आकडा सांगायला हवा. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. पेशी १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यातल्या काही रेणूंना चिकटून बसते. शंभरातले ५.७ पेक्षा कमी चिकटलेले असतील तर निरोगी, ६.५ किंवा जास्त असतील तर मधुमेह. मधलं अंतर शंभरात एका रेणूचंही नाही. पण हीच पातळी एका टक्क्याने खाली असली, तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसांमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी असतो, हेही यूकेपीडीएसनेच दाखवलं. म्हणून ७.८ चे ६.८ झाले तर ते किरकोळ समजू नका. ती मोठी कमाई आहे.

इथपर्यंतचे आकडे ग्रॅम, मिलिग्रॅम, रेणू असे बारीक होते. देशाकडे वळलं की ते कोटींत जातात. इंडियाब पाहणीत २००८ ते २०२० या काळात देशभरातल्या १,१३,०४३ प्रौढांची तपासणी झाली. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. आर. एम. अंजना आणि डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणि त्याशिवाय १३.६ कोटी लोक बॉर्डरवर. सगळ्यात वरचं राज्य होतं गोवा. तिथल्या प्रौढांत २६.४ टक्के मधुमेही, चारांमागे एकाहून जास्त. उत्तर प्रदेशात हेच प्रमाण ४.८ टक्के. शहरांत १६.४ टक्के, खेड्यांत ८.९. हे वाचून गावाकडच्या माणसाला हायसं वाटेल, पण त्याच पाहणीतला बॉर्डरचा आकडा पाहा: शहर आणि खेडं दोन्हीकडे १५ टक्क्यांच्या थोडं वर, जवळजवळ सारखाच. शहर जिथे पोचलं आहे, तिकडे खेडं निघालेलं आहे.

दुसरे मोजणारे वेगळे आकडे देतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२५ च्या अ‍ॅटलासमध्ये भारतातले मधुमेही सुमारे ९ कोटी. ‘लॅन्सेट’मध्ये २०२४ साली आलेल्या एका जागतिक अभ्यासात २०२२ सालचा भारताचा आकडा २१.२ कोटी. दोहोंत बारा कोटींची तफावत आहे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. कोणी खोटं बोलत नाही. उपाशीपोटीची शुगर धरायची, की तीन महिन्यांची, की दोहोंपैकी कोणतीही एक वाढलेली असली तरी मोजायची, यावर एवढी माणसं आत-बाहेर होतात. मला या तफावतीतून एकच गोष्ट ठळक दिसते: सीमारेषेच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना, आपली माणसं दाटीवाटीने उभी आहेत. ग्रॅमभर इकडे, ग्रॅमभर तिकडे.

ती तिथे का आहेत, याचं मोठं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या मुलांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडची बाळं सगळ्या मापांनी लहान होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होतं ते मांस आणि अवयवांची वाढ. मोठेपणीचं चित्र डॉ. याज्ञिक यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापून दाखवलं. दोघांचा बीएमआय हुबेहूब सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ, आतून चरबीचा. ‘मी कुठे जाड आहे, मला कसा डायबिटीस होईल’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. त्यात दोष कोणाच्या खादाडपणाचा नाही. कुपोषित आयांच्या पोटी वाढलेल्या पिढ्यांना पोटभर भात मिळू लागला, आणि तो साठवायला अंगात स्नायू पुरेसे नव्हते.

आता ताट. इंडियाबच्याच १८,०९० प्रौढांच्या आहारावरून २०२२ साली एक हिशेब मांडला गेला: नव्याने निदान झालेल्या माणसाचा मधुमेह माघारी फिरायचा असेल तर कर्बोदकं ४९ ते ५४ टक्के, प्रथिनं १९ ते २० टक्के आणि स्निग्ध पदार्थ २१ ते २६ टक्के. आपण ६२ वर आहोत, जायचंय ५४ वर. आठ टक्के. दोन हजार कॅलरींतल्या १६० कॅलरी. चाळीस ग्रॅम कर्बोदकं.

मला या लेखात सांगायचं आहे ते हेच चाळीस ग्रॅम. दोन पोळ्या: प्रत्येकी तीस ग्रॅम कणकेची धरली तर ३८ ग्रॅम. पन्नास ग्रॅम तांदळाचा शिजवलेला भात, म्हणजे एक भरलेली वाटी: ३९ ग्रॅम. दिवसातले चार कप चहा, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर: बरोबर चाळीस. ज्याचे दिवसाला चार गोड चहा होतात त्याने फक्त साखर सोडली, बाकी एक घास बदलला नाही, तरी राष्ट्रीय सरासरी आणि सुचवलेला आहार यांतलं अंतर संपतं. हे अशक्य आहे असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. रोज ते पाळणारी माणसंही फार भेटलेली नाहीत, कारण चहात साखर आपल्या हाताने पडतेच असं नाही. पाहुणा म्हणून गेलो की ती आधीच घातलेली असते आणि ‘बिनसाखरेचा द्या’ म्हणणं अनेकांना अजून अवघड जातं.

एकट्यासाठी चाळीस ग्रॅम. १०.१ कोटी लोकांनी रोज चाळीस ग्रॅम कमी केले तर दिवसाला ४,००० टनांच्या वर, वर्षाला १४ लाख ७० हजार टन. दहा टनी ट्रकमध्ये भरायचं झालं तर १ लाख ४७ हजार ट्रक. दहा मीटरचा एक ट्रक धरून एकामागे एक उभे केले तर रांग मुंबईपासून दिल्लीच्या पुढे जाईल. एका वर्षाची, आणि बॉर्डरवरचे १३.६ कोटी त्यात धरलेले नाहीत.

मग पोळी सोडून भाकरी खाल्ली तर? डायबिटीस निघाल्यावर आपल्याकडे पहिला सल्ला हाच मिळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत पाहा: शंभर ग्रॅम कणकेत कर्बोदकं ६४ ग्रॅम, ज्वारीत ६८, नाचणीत ६७, बाजरीत ६२. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी म्हणजे पुन्हा तेच चाळीस ग्रॅम. दोन पोळ्या काढून एक भाकरी ठेवली तर बेरीज जिथल्या तिथेच राहते. इंडियाबच्याच २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या, १ लाख २१ हजार लोकांच्या पाहणीवरच्या निबंधात हेच निघालं: पांढऱ्या तांदळाच्या जागी कणीक किंवा भरडधान्याचं पीठ आणलं आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर धोका कमी झालेला दिसला नाही. याचा अर्थ भाकरी वाईट असा कोणी काढू नये. तिच्यात चोथा आहे, ती हळू पचते, एका भाकरीत पोट भरतं आणि माणूस तिथे थांबू शकतो. थांबला तरच फायदा. डायबिटीस आहे म्हणून भाकरी, आणि भाकरी आहे म्हणून तीन, असं अनेक घरांत चालतं, आणि शुगर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही.

उपासाचं ताट याहून कठीण. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७-८८ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं जवळपास शून्य. पाऊण वाटीच्या आसपास, ७५ ग्रॅम साबुदाण्याची खिचडी म्हणजे ६५ ग्रॅम, रक्तातल्या सगळ्या साखरेच्या तेरापट, एका बशीत. वर बटाटा असेल तर तो वेगळा. दाण्याचं कूट आहे म्हणून ती थोडी तरी सावरते. साखर एका बाजूला वाढलेली आणि दुसऱ्या बाजूला गोळी घेतलेली, अशा अवस्थेत निर्जळी किंवा दिवसभर काही न खाता संध्याकाळी ही बशी, हा माझ्या मते आपल्या घरांतला सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. दही, ताक, दाण्याची आमटी, राजगिरा, काकडीची कोशिंबीर यांवरही एकादशी होते. देवाला त्याचं काही वाईट वाटेल असं मला वाटत नाही.

कमी करणं समजलं, पण रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवायचं, इथे खरा प्रश्न सुरू होतो. आपल्या जेवणात प्रथिनांतून येणाऱ्या कॅलरी १२ टक्क्यांच्या आसपास. जायचंय १९ वर. सात टक्के म्हणजे रोज ३५ ग्रॅम प्रथिनं जादा. डाळ वाढवू म्हणाल, तर शंभर ग्रॅम तूरडाळीत प्रथिनं २२ ग्रॅम आणि कर्बोदकं पन्नासाच्या वर. ३५ ग्रॅम प्रथिनांसाठी दीडशे-एकशे साठ ग्रॅम कोरडी डाळ लागेल, आणि तिच्याबरोबर ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम कर्बोदकं येतील. चाळीस वाचवायला निघालो आणि ऐंशी घेऊन आलो. म्हणून नुसत्या वरणावर हे जमत नाही. अंड्यात ६ ग्रॅम, दोनशे ग्रॅम दह्यात ६, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, तीस ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांत १५. मासे, कोंबडी खाणाऱ्याला सोपं. कोकणात आणि गोव्यात दीडशे ग्रॅम मासळीत तीस ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळून जातात. शाकाहारी माणसाला दही, सोया, मोड आलेली उसळ आणि पनीर यांची मोट बांधावी लागते, आणि त्यांच्याही कॅलरी असतात, तेव्हा पोळी-भात चाळीस ग्रॅमहून थोडा अधिकच कमी करावा लागतो. शिवाय पैसे. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात. दही, अंडी, पनीर बाजारभावाने. डॉक्टरांचा कागद हातात घेऊन घरी आलेल्या माणसाला हा खर्च दर महिन्याला करायचा असतो, आणि तो कुठल्याच पाहणीच्या टक्केवारीत दिसत नाही. ज्यांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झालेला आहे त्यांनी तर प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवूच नयेत.

बिनखर्चाची एक गोष्ट आहे: क्रम. न्यूयॉर्कमध्ये डॉ. अल्पना शुक्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली तेच जेवण तेवढ्याच प्रमाणात दोन तऱ्हांनी वाढून पाहिलं. भाजी आणि मांस आधी, पाव आणि रस पंधरा मिनिटांनी, असं दिल्यावर तासाभराने रक्तातली साखर उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे ३७ टक्के कमी होती. माणसं फक्त ११ होती, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण आपल्या पानात डावी बाजू कोशिंबिरीची आणि चटणीची असते, उजवीकडे भाजी-उसळ, आणि तरी पहिला हात जातो मधल्या वरणभाताकडे. तो शेवटी जाऊ द्यायला काहीच पडत नाही.

आता आणखी एक छोटा आकडा. न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनी २०११ साली मधुमेह असलेल्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. सात दिवसांत त्यांची उपाशीपोटीची शुगर निरोगी माणसाच्या पातळीवर आली. पुढच्या अभ्यासांत स्वादुपिंडातली चरबी मोजली गेली, तेव्हा कळलं की मधुमेह माघारी फिरताना तिथली एका ग्रॅमहूनही कमी चरबी कमी झालेली असते. एक ग्रॅम! तेवढ्या हलक्या ओझ्याखाली बीटा पेशी मुक्या होऊन बसल्या होत्या. मात्र तो एक ग्रॅम सुटायचा तर अंगावरून कित्येक किलो उतरावे लागतात. स्वादुपिंडाला वेगळं उपाशी ठेवता येत नाही.

स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ४९ दवाखान्यांत टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी हाच उपाय ३०६ रुग्णांवर नीट तपासला. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. वर्षाअखेर पहिल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय मागे हटलेला होता, दुसऱ्यातल्या ४ टक्क्यांचा. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्क्यांचा. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. पाच वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा चालू राहिला, त्यांच्यात सुमारे १३ टक्के उरले. हा शेवटचा आकडा जाहिरातींमध्ये कधीच नसतो. ‘डायबिटीस कायमचा पळवा’ असं छापणाऱ्यांनी तो ठळक अक्षरांत छापला पाहिजे. वजन परत आलं की आजार परत येतो, आणि वजन परत न येऊ देणं हे ते उतरवण्याहून कितीतरी अवघड आहे. तरीही पाच वर्षांतली दोन वर्षं जरी साखर ताब्यात राहिली, तरी डोळ्यांवर आणि मूत्रपिंडांवर तेवढा कमी मारा झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्यासारख्या सडपातळ लोकांसाठीही टेलर यांनी वेगळा छोटा अभ्यास केला: बीएमआय २७ च्या आतले २० जण. त्यांतल्या १४ जणांचा मधुमेह वजन थोडं उतरवून मागे हटला. जाड दिसत नाही म्हणून उतरवायला काही नाही, असं नसतं.

इथे एक गोष्ट थांबून सांगितलीच पाहिजे. जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी हे चाळीस ग्रॅम डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कमी करू नयेत. गोळीचा डोस पूर्वीच्या ताटाच्या मापाने ठरलेला असतो. ताट कमी झालं आणि डोस तोच राहिला, तर शुगर ७० च्या खाली जाते. रक्तातली सगळी साखर तेव्हा साडेतीन ग्रॅमवर आलेली असते आणि मेंदूला तर तासाला पाच लागतात. घाम, थरथर, गोंधळ, आणि वेळ गेला तर बेशुद्धी. माणूस शुद्धीवर असेल तेव्हाच तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पथ्य चांगलं चाललंय याची खूण म्हणून डोस कमी करावा लागणं, हे चांगलंच आहे; पण ते काम डॉक्टरांचं.

ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही, बॉर्डरवरचा रिपोर्ट खिशात घालून फिरणारे जे १३.६ कोटी आहेत, त्यांच्यासाठी सगळ्यात जवळचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं आणि २००६ साली निष्कर्ष छापले. ज्यांना काहीच विशेष सल्ला नव्हता, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. अमेरिकेतल्या तशाच अभ्यासात हाच वेग यापेक्षा पुष्कळ कमी होता. आपली माणसं बॉर्डर झपाट्याने ओलांडतात. ज्यांना खाण्याचं मार्गदर्शन मिळालं, साखर आणि मैदा-तांदळाचं प्रमाण कमी करायला, चोथा वाढवायला आणि रोज अर्धा तास झपझप चालायला सांगून ज्यांचा पाठपुरावा होत राहिला, त्यांच्यात हा आकडा ३९ टक्क्यांवर आला. शंभरातले सोळा जण वाचले. हेच प्रमाण सगळ्या १३.६ कोटींना जसंच्या तसं लावता येणार नाही, त्यांच्या तपासण्या वेगळ्या आणि धोकाही सारखा नाही. अर्धं धरलं तरी एक कोटीहून जास्त माणसं होतात.

आणि चेन्नईच्या त्या गटात वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं. पंधरा किलो नाही, पाच किलोही नाही. काट्यावर काही दिसत नसताना आत बदल होत होता. महिनाभर भात कमी करून, चालून, काटा हलला नाही म्हणून ज्यांनी पथ्य सोडून दिलं आहे, त्यांनी काटा बाजूला ठेवावा आणि तीन महिन्यांची शुगर तपासून घ्यावी.